अंगात नसलेली किरणं

स्फाक्स, रविवार

आदरणीय मबरूकाताईस धाकट्या तिजानीचा सलाम.

तुझे गुडघे, तुझ्या दोन बकऱ्या आणि जावयाची होडी, सगळं कसं आहे? बेटावर वारा सुटलाय असं कळलं, तेव्हा डोक्याला फडकं बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस. आम्ही बरे आहोत. म्हणजे आता आहोत. गेले चाळीस दिवस नव्हतो. फोनवर तू सलाम संपायच्या आत फोन ठेवतेस, म्हणून लिहितोय.

तुला ठाऊकच आहे, तेलाच्या घाण्यावर चाळीस वर्षं मशीन दुरुस्त करून मी घरी बसलो आणि ज्या अवयवांनी जन्मात तक्रार केली नव्हती ते एकेक करून बोलायला लागले. आधी पोट. पहिल्या डॉक्टरने सीटी स्कॅन काढायला लावला, मूतखडा दिसला. त्याचं औषध कडू, म्हणून दुसऱ्याकडे गेलो. त्याने विचारलं, जुना फोटो आहे का. मी नाही म्हणालो. (होता. पण फोटो पावासारखा, कालच्यापेक्षा आजचा बरा, अशी माझी समजूत.) असं करत दोन वर्षांत चार डॉक्टर आणि चार स्कॅन झाले, आणि चारही वेळा तो खडा त्याच जागी, पाय पसरून बसलेला. दलेंदा म्हणाली, एवढे फोटो तुम्ही आपल्या लग्नात काढले नव्हते.

मग पाठ धरली. या वेळी हाडांचा स्कॅन. त्यात आधी शिरेत एक सुई देतात, तीन तास बसवतात आणि मग फोटो घेतात. निघताना तिथल्या मुलीने सांगितलं की पाणी भरपूर प्या आणि लहान मुलांपासून लांब राहा. ती पुढेही काही म्हणाली, पण मी बाकाखाली माझा बूट शोधत होतो. हे झालं मंगळवारी. शुक्रवारी आपल्या सुनेला, विदादला मुलगी झाली. रहमा. माझी पहिली नात.

आता तूच सांग, मी काय करायचं होतं? दाढी करायला गेलो तेव्हा हम्मादी न्हाव्याला सहज विचारलं. (तो वस्तरा गळ्यावर ठेवून बोलतो, त्यामुळे त्याचं सगळं पटतं.) तो म्हणाला, पोटाचा एक स्कॅन म्हणजे छातीचे शंभरावर एक्स-रे, आणि किटलीत क्षार बसावा तशी ती किरणं हाडांत बसतात, मरेपर्यंत जात नाहीत. घरी येऊन मी रेडिओजवळ उभा राहिलो, तर तो खरखरला. तो गेली तीस वर्षं खरखरतोय हे त्या वेळी आठवलं नाही.

तेव्हापासून मी बाळाच्या खोलीचा उंबरठा ओलांडला नाही. बाळ झाल्याच्या आनंदाचं तीळ-मधाचं ज़रीर सगळे आत बसून प्यायले, मी अंगणात लिंबाखाली. सातव्या दिवशी, बारशाला, पाहुण्यांचं स्वागत करायचं म्हणून फाटकाशीच बसून राहिलो. बाळ आमच्या खोलीत आणलं की मला बाजारातलं काहीतरी आठवायचं. त्या महिन्यात आमच्या घरात अकरा किलो कांदे साठले. विदाद हळूहळू माझ्याशी बोलेनाशी झाली. मला वाटलं, बाळंतिणीचा थकवा.

चाळिसाव्या दिवशी ती बाळाला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी कांद्यांकडे निघालो होतो. ती म्हणाली, "बाबा, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवत असाल तर तसं सांगा. मी माहेरी जाते."

ताई, कांदे बाजारातच राहिले. मग सगळं सांगितलं, सुई, किटली, रेडिओ. तिने ऐकून घेतलं, हसली नाही, रडलीही नाही. चपला घातल्या, माझी एक्स-रेची पिशवी उचलली आणि बाळासकट मला इस्पितळात नेलं.

तीच मुलगी होती, इम्तिनान. तिने सगळे फोटो मांडले आणि मोजले. मग मला विचारलं, "काका, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का?" एक्स-रे आणि सीटीचं तसंच, म्हणाली, यंत्र बंद झालं की अंगात काही उरत नाही. सुईतलं किरणं सोडणारं औषध मात्र थोडा वेळ राहतं, म्हणून 'आजचा दिवस' लांब राहा असं तिने सांगितलं होतं. आजचा दिवस, ताई. तो दिवस मी बुटात घालवला.

पण तिने मला नुसतं गोंजारलं नाही. म्हणाली, पोटाच्या एका स्कॅनमध्ये माती आणि आकाश मिळून एरवी तीनेक वर्षांत देतात तेवढी किरणं जातात. त्याने कॅन्सरचा धोका वाढतो तो थोडासाच, पण दरवेळी भर पडते, आणि तुमचे चारातले तीन स्कॅन उगाच होते. जुने फोटो दाखवत जा, सोनोग्राफीने भागेल का ते विचारत जा, आणि डॉक्टरला खरंच गरज वाटली तर मात्र मुकाट्याने काढा, कारण न दिसलेला आजार त्या किरणांहून वाईट.

तिथेच व्हरांड्यात विदादने रहमाला माझ्या हातात दिलं. पोरीने मला नीट पाहिलं आणि भलीमोठी जांभई दिली. मी इतका खूश झालो की वाटेतल्या प्रत्येकाला ती जांभई वर्णन करून सांगितली.

तुझा,
तिजानी

ता. क. हे पत्र खरं तर पुढच्या चार ओळींसाठी आहे. तुझ्या छातीत गाठ लागते म्हणून बेटावरच्या डॉक्टरीणबाईंनी मॅमोग्राफीचा फोटो लिहून दिला होता, आणि तू ती चिठ्ठी चुलीत घातलीस, असं तुझ्या लेकीने काल रडत सांगितलं. त्या यंत्राजवळ फिरकू नकोस, असं तुला मीच महिन्यापूर्वी फोनवर ओरडून सांगितलं होतं. ते शब्द मी परत घेतो. त्या फोटोत जेमतेम दीड-दोन महिन्यांच्या माती-आकाशाएवढी किरणं असतात. इम्तिनान स्वतः काढणार आहे. बुधवारी दहा वाजता तुझं नाव लिहिलंय. सकाळच्या बोटीने ये, मी धक्क्यावर असेन.

ता. क. २. गाठ बहुतेक साधीच असते, असं ती म्हणाली. साधी नसली तरी लवकर कळलेली बरी, असंही म्हणाली. दोन्ही वाक्यं मी कागदावर लिहून घेतली, बूट पायात घालून.

ता. क. ३. मला आता भीती वाटत नाही असं वर कुठे लिहिलं असेल तर ते खोटं आहे. ताई, घाबरत घाबरत ये, पण ये. दोघंही घाबरलेली असलो की रांगेत गप्पा चांगल्या होतात.