लठ्ठ्याचं हित

४ जून
राज्य सरकारनं अखेर एक शहाणपणाचा कायदा केला. नवरा-बायको वेगळे झाले तर घरातला कुत्रा यापुढे कपाट-सोफ्यासारखा वाटून घ्यायचा नाही. तो कुणाकडे राहणार, हे त्याचं हित बघून कोर्ट ठरवणार. म्हणजे लठ्ठ्या माझाच. बायको त्याला घेऊन तिच्या बहिणीकडे राहायला गेली तेव्हा त्यानं मागे वळून बघितलं होतं. चेंडू राहिला होता म्हणून, असं ती म्हणते.

९ जून
वकीलबाईंना भेटलो. मुख्य मुद्दा सांगितला: या घरात माझं म्हणणं ऐकून घेणारा एकटा लठ्ठ्याच. संध्याकाळी ऑफिसचं सगळं त्याला सांगायचो, तो मध्ये एकदाही तोंड घालायचा नाही. वकीलबाईंनी हे लिहून घेतलं नाही. त्याला फिरायला कोण न्यायचं, असं विचारलं. म्हटलं, एवढ्या तपशिलात नको जाऊया.

१७ जून
नव्या कायद्याप्रमाणे चाचणी. लठ्ठ्या आठवडाभर माझ्याकडे, मध्येच अधिकारी येऊन बघणार.
संकल्प: रोज सकाळी सहाला दोघांनी फिरायला जाणे. दोघांचंही पोट कमी करणे.

१८ जून
आठला उठलो. गालिचा धुतला. उद्यापासून नक्की.

१९ जून
गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला. आता प्रश्नच मिटला.
लठ्ठ्या जेवत नाही. तिला फोन केला, फक्त माहितीसाठी. तिनं विचारलं, गोळी बटाट्यात लपवून दिलीस का? कसली गोळी? हृदयाची. दोन वर्षं चालू आहे म्हणे. मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणते सांगितलं होतं, तू टीव्ही बघत होतास.

२२ जून
पशुकल्याण अधिकारी बाई आल्या. मी इस्त्रीच्या शर्टात. लठ्ठ्या माझा शब्द खाली पडू देत नाही, असं सांगून त्याला हाक मारली. तो पाठ करून पडलेला. पुन्हा हाक मारली. बाईंनी त्याच्या डोक्यामागे जोरात टाळी वाजवली. कानसुद्धा हलला नाही.
"तो बहिरा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "बऱ्याच दिवसांपासून असणार. तुमच्या लक्षात नाही आलं?"
म्हटलं, आलं होतं.
त्या गेल्यावर त्याला ऑफिसचं सांगायला बसलो आणि थांबलो. मग सांगितलंच. उगाच त्याची सवय मोडायला नको.

३ जुलै
निकाल लागला. लठ्ठ्या तिच्याकडे. मला एक सोडून एक रविवार. वकीलबाई म्हणाल्या, कायदा चांगला आहे. मी वरच्या कोर्टात जाणार.

१३ जुलै, रविवार
वरच्या कोर्टाचं पुढच्या महिन्यात बघू. आज लठ्ठ्याचा पहिला रविवार. दुपारभर दाराकडे तोंड करून पडला होता. राखण करत असावा.
संध्याकाळी बेल वाजली. त्याला अर्थातच कळलं नाही. वाटलं, आपणही ऐकू न आल्यासारखं करावं. पुन्हा वाजली. मग पाठीवर हात ठेवून त्याला उठवलं, दार उघडलं. तिला बघून त्याची शेपटी अशी हलली, की मागचा अर्धा कुत्रा हलला.
पट्टा हातात घेताना ती म्हणाली, "तू जेवलास का?"
हो म्हटलं.
जेवलो नव्हतो.