हनुवटीखालची दोन बोटं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. निमित्त चष्म्याचं. तुला शेवटपर्यंत चष्मा लागला नाही, अंधाऱ्या घरात बसून सुईत दोरा ओवायचीस, त्याचाही मला राग आहेच. पण तो राहू दे.

माझ्या लेकीची लेक नाशिकरोडला चष्म्याच्या दुकानात लागली आहे. नवीच आहे, पण हात हलका म्हणून मालकानं तिला माप घ्यायला बसवलंय. हल्ली असा चष्मा मिळतो की एकाच काचेत वरून लांबचं दिसतं, खालून जवळचं, आणि मधे रेघ नसते. कडेनं मात्र सगळं पाण्यात पडल्यासारखं हलतं, म्हणून डोळे नाही फिरवायचे, नाक फिरवायचं. जिना उतरताना हनुवटी छातीला लावायची. हे सगळं ती परक्या म्हाताऱ्यांना इतक्या गोडीनं सांगते की ऐकणाऱ्याच्या पोटात दुखावं. घरी मला नीट हूं म्हणत नाही.

तिनं आम्हा दोन्ही आज्यांना एकाच दिवशी बोलावलं, तिथंच चुकली. विहीणबाई शाळेत शिकवायच्या. अजून बसतात अशा, की समोर प्रार्थना चाललीय. आधी त्यांचं माप झालं. नात समोर स्टुलावर बसते, त्यांच्या डोळ्याच्या उंचीला आपला डोळा आणते आणि फ्रेमच्या काचेवर डोळ्याच्या बाहुलीसमोर पेनानं ठिपका मारते. चष्म्याची सगळी मदार त्या ठिपक्यावर. "माई, काय मस्त बसतेस गं तू," असं म्हणाली. मला आजवर मस्त कोण म्हणालंय? तू तर नाहीच.

मग मी त्या खुर्चीत बसले आणि मला दिंडोरीचा फोटोवाला आठवला. ताईला स्थळ बघायचं होतं म्हणून तिचा फोटो काढायला आपण गेलो होतो. तू तिच्या हनुवटीखाली दोन बोटं धरलीस. "मान वर धर माझी बाय, खाली काय बघती?" मी दाराशी तिच्या चपला धरून उभी. माझ्या वेळी मी फोटोचं विचारलं, तर म्हणालीस, "तुझा कशाला? तुला समोरूनच बघतील, काय ते एकदाच होऊन जाईल." हे वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

तर मी मान वर धरली. चांगली ताठ. नात म्हणाली, "आजी, ही तुझी रोजची मान नाहीये. तांदूळ निवडायला बसतेस ना, तशी बस." मी म्हटलं, "मी अशीच बसते. तू तुझा ठिपका मार."

चष्मा आला. विहीणबाई आठवड्यात पेपर वाचायला लागल्या आणि मी भिंतीवरच्या पालीकडे बघत असल्यासारखी मान वर केल्याशिवाय मला औषधाच्या बाटलीवरचं अक्षर दिसेना. मानेला रग लागली. दुकानात जाऊन मी चष्मा टेबलावर ठेवला. विहीणबाई सोबत आल्याच होत्या, त्यांना गंमत बघायची असते. मालकानं काच बघितली आणि सगळ्यांसमोर नातीला म्हणाला, "ठिपका खाली बसलाय. उद्यापासून तू फ्रेमा दाखव, माप दुसरं कोणी घेईल."

पोरगी फ्रेमा मांडायला वळली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मान उचलून ताठ बसले होते, तशी काच वर गेली आणि ठिपका खाली आला, हे तिला कळलं होतं आणि मलाही. विहीणबाई नसत्या तर मी लगेच बोलले असते. त्या होत्या, म्हणून आधी टेबलावरचा चष्मा पदरानं पुसला. मग म्हटलं, "तिचं नाही चुकलं. ती सांगत होती, मान सैल सोड. मीच फोटोला बसल्यासारखी बसले."

"मला वाटलंच, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आज यांची मान अवघडलीय की काय."

"तुमची नाही ना अवघडली? मग झालं तर."

मालक हसला. नातीला म्हणाला, घे परत माप.

आता चष्मा बरा आहे. पोक काढून बसते तशीच बसून वाचते. त्याच चष्म्यातून हे लिहिलंय, म्हणून अक्षराला नाव ठेवू नकोस. हे पाठवणार नाही. पाठवता येत असतं तरी पाठवलं नसतं, तिथं ताई आहे, तिनं आधी वाचलं असतं.

एक राहिलं. दुसऱ्यांदा माप घेताना मला सगळं ठाऊक होतं. तरी मी मान बोटभर वर केली. पोरगी हसली, पेन बाजूला ठेवलं, आणि माझ्या हनुवटीला दोन बोटं लावून हळूच खाली घेतली.