उंबऱ्यावरची धूळ

बाबा,

आई आज सकाळी गेली.

प्रेषित म्हणजे देवाने पाठवलेला, त्याने घरात गुंतायचं नसतं, असं सांगून तुम्ही जन्मभर गावोगाव प्रवचनं देत फिरलात. गेल्या आठवड्यात आलात, तेव्हा मी दार अडवलं. तुम्ही वाद घातला नाहीत. जिथे स्वीकारत नाहीत तिथली धूळ पायांवरून झटकावी, हे बायबलमधलं वचन पाळत बूट काढून उंबऱ्यावर आपटलेत.

आईने अंथरुणातून तो आवाज ओळखला. मला वाटलं, चिडेल माझ्यावर. ती एवढंच म्हणाली, "बूट कशाला झिजवताहेत? या घरची धूळ त्यांच्या पायाला लागली कधी?"

तुमचा पत्ता तिलाही ठाऊक नव्हता. हा निरोप घेऊन मी कोणाला पाठवू?

तुमची थोरली