सव्वासातची हजेरी

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
एकाकी ज्येष्ठ नागरिक हजेरी कक्ष

विषय: हजेरीच्या प्रोग्राममधील एक ओळ काढून टाकणे व अकरा घरांची दारे आजच उघडून पाहणे याबाबत.

संदर्भ: माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

१. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आपला कक्ष बटण असलेली जी छोटी पेटी देतो, तिचा प्रोग्राम माझ्या वडिलांनी लिहिला आहे. ते रेडिओ दुरुस्त करत. सकाळी बटण दाबले की समाजमाध्यमावर ‘हजर’ अशी नोंद पडते. हे माध्यम कोणा एका कंपनीचे नाही. अनेक गट आपापल्या यंत्रांवर ते चालवतात व एकमेकांशी जोडलेले असतात. त्यामुळे या नोंदींचा आपला फलक मलाही माझ्या फोनवर दिसतो. प्रोग्राम मुक्तस्रोत आहे. तो कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा, अशी वडिलांची इच्छा होती. आपण तो घेतलात याचे त्यांना फार अप्रूप होते.

२. वडीलही एकटेच राहत व त्यांच्याकडेही हीच पेटी होती. ते कधीकधी बटण दाबायला विसरत आणि मी हातातले काम टाकून धावत येई. "मी मेलोय का बघायला येतेस, एकदा नुसती गप्पा मारायला ये की," असे ते म्हणत. गेल्या वर्षी त्यांनी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: सव्वासातपर्यंत कोणी बटण दाबले नाही, तर पेटीने आपणहून ‘हजर’ म्हणावे. शेजारी टीप आहे, ‘पोरीच्या जिवाला घोर नको.’ ही ओळ आपल्या सर्व पेट्यांत आपोआप पोचली. वाचायची मुभा सगळ्यांना होती. कोणी वाचली नाही. मीही नाही.

३. वडील वारल्यानंतर, मी दार उघडेपर्यंत, नऊ दिवस हजर होते. ते नऊही दिवस मी निर्धास्त होते. याहून अधिक लिहिणे येथे अप्रस्तुत ठरेल.

४. त्यानंतर मी आपला फलक नीट पाहू लागले. माणसाच्या हाताची वेळ रोज बदलते: ६:४८, ७:०३, ६:५५. पेटीची बदलत नाही. वडिलांचा सोडून अकरा क्रमांक आठवड्याहून अधिक काळ बरोबर ७:१५ला हजर आहेत. फलकावर पत्ते नसतात. मला त्यांतला एकच ठाऊक आहे, वडिलांचे मित्र घड्याळजी यांचा. त्यांच्या दाराशी दुधाच्या आठ पिशव्या पडल्या होत्या. आतून ओ आली नाही. पोलीस चौकीतल्या शिपायाने फलक पाहिला व म्हणाला, "ताई, हजर माणसाचं दार फोडायचं कसं? कक्षाचं पत्र आणा."

५. ती ओळ काढलेला प्रोग्राम मी आपल्याकडे पाठवला. मूळ लेखकाची लेखी संमती जोडावी, असे उत्तर आले. अशी संमती मुक्तस्रोत प्रोग्रामला लागत नाही. तरीही मूळ लेखक दिवंगत असल्याचे मी पुन्हा कळवले. त्यावर आपले लिपिक फोनवर म्हणाले, "अहो, ते तर आज सकाळीसुद्धा हजर आहेत. त्यांचीच सही घ्या ना." त्यांचे खरे होते. वडिलांची पेटी मी बंद केली नव्हती. त्याचे कारण या अर्जाशी संबंधित नाही.

६. आज सकाळी सात वाजता मी ती प्लगमधून काढली. सव्वासातला वडिलांच्या क्रमांकापुढे प्रथमच ‘गैरहजर’ अशी लाल नोंद झाली. आपल्या पत्रकानुसार अशा घरी तासाभरात कक्षाचा माणूस येतो. हा अर्ज त्याच्या हाती द्यावा व त्याला तसेच घड्याळजींकडे न्यावे, म्हणून मी वडिलांच्या दारात खुर्ची टाकून बसले.

७. आता पावणेबारा झाले आहेत. कोणी आले नाही. मघाशी फलक पुन्हा पाहिला. लाल नोंद पुसलेली आहे. तिच्या जागी कोणीतरी हाताने भरले आहे: ‘पेटी नादुरुस्त. नागरिक हजर.’

अजून दारातच बसलेली,
आपली नम्र,
(सही)
मूळ लेखकाची मुलगी

दिनांक: आजचाच

सोबत:
अकरा क्रमांकांची यादी
वडिलांचा मृत्यूचा दाखला (चौथ्यांदा)