खिंडीखालचा बर्फाचा उतार

९ जून, रविवार. मनाली
पोचलो एकदाचे. फाउंड्रीतून आठ दिवसांची रजा मिळवताना माझ्या नाकी नऊ आले. अम्मी मात्र दहा मिनिटांत तयार. अठ्ठावन्न वर्षांची बाई, आयुष्यभर शिरोली एमआयडीसीत डबे पोचवले, आणि आता एकच धरून बसली — "नाजिया, मला हिमनदी बघायची हाय."

१० जून
वाटाड्या भेटला. दोर्जे. बोलतो कमी. एका दिवसाची वाट — सकाळी चढायचं, खिंड ओलांडायची, पलीकडे संध्याकाळी गाडी. सोबत गडहिंग्लजचे निवृत्त मास्तर, हंबीरराव. एक गोष्ट दोर्जेनं दोनदा सांगितली. खिंडीच्या अलीकडे, हिमनदीच्या वर, बर्फाचा तिरका उतार आहे. तो दहाच्या आत पार करायचा. ऊन तापलं की वरून दगड सुटतात. मध्ये थांबायचं नाही.


११ जून
अक्षर वेडंवाकडं येतंय.

चढभर मीच बडबडत होते — इथं दगड हाय, इथं चिखल, जपून. भीती वाटली की मी बोलत सुटते. अम्मी माझी सॅक धरून, पाऊल चाचपत. उतारापाशी पोचायलाच पावणेदहा. दोर्जे म्हणाला, मागे फिरू. अम्मी म्हणाली, "न्हाय. जमतंय मला." त्यानं तिला स्वतःमागे घ्यायचं म्हटलं, तर — "मी लेकीच्या मागनंच येणार." हंबीरराव नुसतं घड्याळ बघत होते.

माझं डोकं फिरलं. "तुझ्या हट्टापायी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय. आणि सॅक सोड, दोघी पडू." सगळ्यांसमोर बोलले. मग तोंड मिटलं ते मिटलंच.

दोर्जे पुढं, बर्फात पायऱ्या खणत. मग हंबीरराव, मग मी, शेवटी अम्मी. ऊन डोळ्यांत घुसत होतं. डावीकडे खूप खाली हिमनदी, निळ्या भेगांची. मी नुसते पुढचे पाय बघत चालले. पलीकडच्या खडकाला हात लागला तेव्हा वळले.

अम्मी मधोमध उभी. पुतळ्यासारखी.

हाका मारल्या. हलली नाही. वरून एक दगड घरंगळला, तिच्या पुढून गेला. दोर्जे निघणार तेवढ्यात मीच परत उतारावर पाय टाकला. कसा, माहीत नाही. तिचा हात बर्फासारखा गार. "उजवा पाय टाक. जरा खाली. हां. आता डावा." एकेक पाऊल सांगत आणली. मागून अजून दगड आले. मोठे. दोर्जेनं शेवटच्या पावलाला दोघींना ओढून घेतलं.

खिंड ओलांडली. फोटो काढले म्हणे. मला आठवत नाही.

१२ जून
अम्मी पडून आहे. मी माफी मागितली नाही.

१५ जून. घरी
ईदच्या आत पोचलो. बायका बघायला येतायत. "कशी होती हिमनदी?" अम्मी म्हणते, "पांढरी." बाकीचं मी सांगते — अम्मी घाबरून थिजली, मी जाऊन आणली. आज तिसऱ्यांदा सांगितलं. ऐकताना ती हसते नुसती.

२१ जून
काल अम्मीनं चहा कपाच्या बाहेर ओतला आणि तिला कळलंच नाही. आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. साखरेनं पडदे गेलेत. डावा डोळा संपला, उजव्यात निम्मंच उरलंय. कधीपासून? "दिवाळीपासनं. सांगितलं असतं तर हिमनदी बघायला नेलं असतंस व्हय?"
"मग बर्फावर चाललीस कशी?"
"तू बोलत होतीस की. तुझ्या आवाजामागनं."
उतारावर मी गप्प झाले होते.