दुकानात मोबाइल बंद

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.
आजपासून भिंगरीचा मोबाइल बंद. एकदम बंद. शनिवारी शाळेत बाईंनी बोलावून सांगितलं, की मुलगी वर्गात मान वर करत नाही, काही विचारलं तर एका शब्दात उत्तर देते. आठ वर्षांची पोर! घरी येताना आमची ही म्हणाली, की माझी हॉस्पिटलात दुपारपाळी, मग चार ते सात ती असते कुणाकडे? हा टोमणा होता, हे मला जिना चढताना कळलं.
चार ते सात ती माझ्याकडे असते. सलूनमध्ये, बाकावर.
मागच्या वर्षीपर्यंत शाळेतून आली की दिवसभराचं पुराण ऐकवायची. कोण पडलं, कुणाचा डबा सांडला, कुणाशी कट्टी. माझी कात्री चालू, तिचं तोंड चालू. एकदा गर्दी होती म्हणून म्हटलं, घे, पाच मिनिटं बघ. त्या पाच मिनिटांना आता अकरा महिने झाले.
पण झालं ते झालं. मी मनावर घेतलं की घेतलं.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.
पहिला दिवस यशस्वी. भिंगरीने मोबाइल मागितला नाही. बोललीही नाही, पण एका दिवसात सगळं कसं होणार?

४ फेब्रुवारी, मंगळवार.
आश्चर्य! आज न सांगता ब्रश घेऊन खुर्चीपाशी उभी राहिली. लहान पोरांच्या मानेवरचे केस झटकत होती. धंदा रक्तातच आहे. शेजारच्या शिंपीमामांना मुद्दाम बोलावून दाखवलं. मोबाइल सुटला की मुलं कशी कामाला लागतात, यावर त्यांना थोडं मार्गदर्शनही केलं. त्यांना मुलं नाहीत, पण ऐकून घेतलं.

५ फेब्रुवारी, बुधवार.
एका मुलाच्या आईने तक्रार केली, की तुमची मुलगी वीस मिनिटं एकाच जागी ब्रश फिरवतेय, मान लाल झाली. बघितलं तर खरंच लाल.
भिंगरीची नजर मानेवर नव्हतीच. आरशाखालच्या स्टँडवर होती. पोरं खुर्चीवरच्या फळीवर बसून हलू नयेत म्हणून तिथे मी माझा मोबाइल कार्टून लावून ठेवतो. बंदीत ते मोजायचं राहून गेलं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
तत्त्व म्हणजे तत्त्व. स्टँड काढून टाकला. दुकानात कुणालाच मोबाइल नाही. पूर्वी न्हावी गोष्टी सांगायचे, मीही सांगणार.
पहिलंच गिऱ्हाईक पाच वर्षांचं. फळीवर बसवलं, कापड बांधलं, आणि म्हटलं, एक राजा होता. पुढचं आठवेना. तसाच कापत राहिलो. पोराने 'मग?' विचारायला गर्रकन मान वळवली, आणि कानावरच्या केसांत मशीनची खाच पडली. खाच लपवायला बाजू बारीक केली. बाजू लपवायला दुसरी बाजू. शेवटी झिरो मारला. त्याच्या आईने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. पोराचा हात धरून गेली.
बाकावरून भिंगरीने विचारलं, की राजाचं काय झालं. मी तिच्यावर खेकसलो. खेकसायला नको होतं. अकरा महिन्यांत तिने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.
स्टँड परत लावला. कात्री, कंगवा, मोबाइल ही अवजारं आहेत.

८ फेब्रुवारी, शनिवार.
आता टेक्निकल उपाय. मोबाइलला नवा पासवर्ड: भिंगरीची जन्मतारीख. दिव्याखाली अंधार असतो, तिला स्वतःची तारीख सुचणारच नाही. शिवाय त्यात बापाची माया पण आली.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
पासवर्ड जबरदस्त! आज मी दाढी करत असताना तिने चार वेळा प्रयत्न केला. आरशात दिसत होतं. उघडला नाही. गुपचूप जागेवर ठेवला आणि बाकाची रेक्झिन उकरत बसली. दोन आयांना ही युक्ती सांगितली. एकीने लिहून घेतली.
(दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. नव्या कटचे व्हिडिओ बघितले. दोन तास. हा अभ्यास असतो, तो यात धरत नाही.)

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी.
चहा घेताना हिला फोटो बघायचा होता, पासवर्ड विचारला. मी ऐटीत सांगितलं, सोळा शून्य सात.
हिने कप खाली ठेवला. म्हणाली, की सोळा तारखेला मला दवाखान्यात नेलं होतं. भिंगरी झाली सतराला.
चारही वेळा भिंगरीने सतराच टाकली होती. काल रात्री झोपताना तिने हिला विचारलं होतं, की बाबांनी कुणाची तारीख ठेवलीय?
खूप लाज वाटली. सिक्युरिटीच्या दृष्टीने चुकीची तारीखच जास्त भक्कम, असं म्हणणार होतो. हिचा चेहरा बघून म्हटलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दोष माझाच आहे, हे मी आज मोठ्या मनाने मान्य केलं. ते मान्य केल्यावर बरंच हलकं वाटलं.
उद्या चार ते पाच दुकान बंद. माझाही मोबाइल बंद करून ड्रॉवरमध्ये. भिंगरीच्या शेजारी बाकावर बसणार आणि फक्त ऐकणार. मला ते पुराण परत पाहिजे. सहा प्रश्न काढून ठेवलेत, म्हणजे अडायला नको.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५.१०.
बरोबर चारला शटर अर्धं ओढलं. मोबाइल ड्रॉवरमध्ये. भिंगरी आली, मी शेजारी बसलो. हात कुठे ठेवावेत कळेना, गुडघ्यांवर ठेवले.
पहिला प्रश्न, शाळा कशी झाली? ठीक. दुसरा, मैत्रिणी काय म्हणतात? काही नाही. तिसरा मी विसरलो.
मग ती माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. शेवटी हळूच विचारलं, की बाबा, चार्जिंग संपलं का? मी म्हटलं, नाही गं, तुझ्याशी बोलायला बसलोय. तिला ते काही पटलं नाही.
उठली, वाकून शटरखालून गेली, शिंपीमामांकडून चार्जर मागून आणला. ड्रॉवर उघडून मोबाइल काढला, वायर लावली, बटण दाबून धरलं. माझ्या पाठीवर थोपटून म्हणाली, की झालं हं, आता दोनच मिनिटं. फळीवर रडणाऱ्या पोरांना मी म्हणतो, अगदी त्याच आवाजात.
मोबाइल सुरू झाला. तिने तो माझ्या हातात दिला आणि सरकून मला नीट बसायला जागा करून दिली.
मी घेतला.