लाल टिकल्या आणि एक ‘चालेल’

जांभूळपाडा, उधवा
मंगळवार (मुलं खिचडी खाऊन घरी गेल्यावर)

ती. सौ. भारतीआत्या,

शितलचा वाकून नमस्कार. (अंगणवाडीच्या ओट्यावर मांडीवर वही घेऊन लिहिते आहे, त्यामुळे वाकलेली आधीच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला गेला का? चिखल्याला समुद्राचा वारा असतो, त्यांना संध्याकाळी बाहेर बसू देऊ नकोस. आई बरी आहे, मीही बरी आहे, म्हणजे कालपर्यंत होते.

तू म्हणशील, हातात फोन असताना पत्र कशाला. तर फोनवर तुझ्यापुढे माझ्या तोंडून एकच शब्द निघतो आणि सगळा घोटाळा त्या शब्दानेच केलेला आहे. येत्या रविवारी चिंचणीहून रविंद्रच्या घरची माणसं बोलणी करायला येणार, मुलीला पसंत आहे, असं तू आईला कळवलंस. त्या विषयाकडे मी येणारच आहे. पण आधी आमच्या ॲपची हकीकत ऐक, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

चार महिन्यांपूर्वी आम्हा सेविकांना डहाणूला एका सभागृहात बोलावलं. मुलांची हजेरी आणि वजनं भरायचं नवं ॲप यायचं होतं आणि ते म्हणे आमच्या सहभागातून घडणार होतं. आजवर आमच्या सहभागातून पोलिओचे डोस, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी आणि फोटोतली मागची रांग एवढंच घडलेलं, त्यामुळे सगळ्या जणी ठेवणीतल्या साड्या नेसून गेलो. माझ्याबरोबर आमच्या मदतनीस बुधीबाईही आल्या. (त्यांना बोलावणं नव्हतं, पण वडा मिळणार हे त्यांना कळलं होतं.) मुंबईच्या कंपनीचे तुषार सर आले होते. पंचविशीतला मुलगा, आवाज गोड. ते म्हणाले, तुम्ही वापरणार म्हणजे तुम्हीच आमच्या गुरू, इथे चुकीचं उत्तर असं काही नसतंच. हे ऐकल्यावर आमच्या सुपरवायझर पुष्पा मॅडमनी सगळ्यांकडे एकदा असं पाहिलं की चुकीचं उत्तर काय असतं ते लगेच कळलं.

भिंतीवर मोठमोठे कागद लावले होते आणि त्यांवर फोनचे पडदे, म्हणजे स्क्रीन, चितारलेले. आमच्या हातात चिकटणाऱ्या गोळ्यांचे कागद दिले. जे आवडेल त्यावर हिरवा गोळा लावायचा, जे आवडणार नाही त्यावर लाल. आता त्या लाल गोळ्यांबद्दल काय सांगू. चकचकीत, अगदी टिकलीच्या मापाचे, आणि गोंद असा की घामानेही सुटणार नाही. आमच्यातल्याच रखमीने पहिला कपाळाला लावून पाहिला, तिला शोभला, मग दुसरीने लावला, आणि पाच मिनिटांत सगळे लाल गोळे कपाळांवर नाही तर पर्समध्ये गेले. (माझ्याही पर्समध्ये एक अख्खा कागद गेला, तुझ्यापासून काय लपवायचं.) राहिले हिरवे, ते आम्ही भिंतीवर लावले. शिवाय एवढ्या लांबून आलेला पाहुणा, चहा-वडा देणारा, त्याच्या कामावर त्याच्यादेखत लाल गोळा चिकटवायचा, हे आपल्यात बसत नाही. तुषार सरांनी हिरव्यागार भिंतीचा फोटो काढला आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग एकेक पडदा दाखवून ते विचारायला लागले, कसं वाटतं? आम्ही म्हटलं, चालेल. आत्या, ‘चालेल’ म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. शेअरच्या ईको गाडीत मांडीवर कोणी बसलं तरी चालेल, चहात साखर नसली तरी चालेल, आणि नाही म्हणायचं असून तोंड उघडत नसेल तर तेव्हा हमखास चालेल. तुषार सर मात्र दर ‘चालेल’ला बरोबरची खूण करत होते. एका पडद्याखाली ‘सादर करा’ असं बटण होतं. सरांनी रखमीला सांगितलं, वाचा आणि सांगितलंय ते करा. रखमी उठली, पदर खोचला आणि तिने हातवाऱ्यांसकट अख्खं बडबडगीत सादर केलं. टाळ्या पडल्या. बटण तसंच राहिलं.

एकट्या बुधीबाईंनी प्रश्न विचारला. पडद्यावर लिहिलं होतं, मूल उपस्थित आहे का? खाली दोन बटणं, ‘होय’ आणि ‘नंतर’. बुधीबाईंनी ते दोनदा वाचलं. (त्या चौथी शिकल्या आहेत, पण ती चौथी जुनी.) मग म्हणाल्या,

“यात ‘नाय’ कुठं दाबायचा?”

तुषार सर समजुतीने म्हणाले, नकारामुळे वापरणाऱ्याचा उत्साह जातो असं अभ्यासात दिसलंय. तरी त्यांनी तो प्रश्न एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावला. पंख्याच्या वाऱ्याने ती चिठ्ठी उडाली आणि वड्यांच्या ताटात पडली. तिथून ती कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही.

गेल्या महिन्यात ॲप आलं. आमची अंगणवाडी गुजरातच्या हद्दीला लागून, त्यामुळे फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी पलीकडचा. जांभळाखाली उभी राहिले की मी महाराष्ट्रात असते, आणि खिचडी बघायला आत गेले की फोन गुजरातेत माझं स्वागत करतो आणि ॲप म्हणतं, आपण कार्यक्षेत्राबाहेर आहात. म्हणून सध्या वजनकाटा जांभळाखाली आहे आणि मुलांच्या वजनात दोन-चार जांभळं जमेला धरावी लागतात. ते एक वेळ चालेल. (बघ, निघालाच.) पण आमचा लडक्या आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलाय, तिकडे गुजरातेत. ‘होय’ दाबलं तर ते खोटं, शिवाय ॲप त्याचा फोटो मागतं. म्हणून ‘नंतर’ दाबते. आज अकरावा दिवस. दर अर्ध्या तासाने फोन वाजतो आणि विचारतो, लडक्या उपस्थित आहे का? खरं तर ॲपच्या हिशेबाने मीही गुजरातेतच असते, म्हणजे आम्ही दोघं एकत्रच असायला हवे.

शेवटी मदतीच्या नंबरावर फोन केला. एक मुलगी फार अदबीने बोलली. म्हणाली, ताई, हे सगळं तुमच्याच सहभागातून झालंय, तुमच्या भागातून एकही लाल खूण आली नाही, उलट ‘चालेल’ एकशे चौदा वेळा नोंदलंय. मला खूप राग आला. पण कोणावर काढू? त्या एकशे चौदांतले निदान नऊ माझे होते.

बाकी ठीक. आईने तुला कुरडया ठेवल्यात. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी
शितल

ता. क. आता मूळ मुद्दा. रविंद्र वाईट मुलगा नाही, तारापूरला कामाला आहे, मान खाली घालून पोहे खातो. पण ते मला बघायला आले त्या दिवशी त्याच्या आईने विचारलं, लग्नानंतर अंगणवाडी सोडावी लागेल, चालेल ना? सगळे माझ्याकडे बघत होते. तू पुष्पा मॅडमसारखी बघत होतीस. मी म्हटलं, चालेल. आत्या, नाही चालणार. माझ्याकडे तेवीस मुलं आहेत, लडक्या धरून, आणि मला हे काम आवडतं. हे सोडून चिंचणीला गेले तर मी रोज रडेन. रविवारची बोलणी थांबव. कृपा करून त्यांना ‘नंतर बघू’ असं सांगू नकोस, ‘नंतर’ दर अर्ध्या तासाने वाजतं. सरळ नाही सांग.

ता. क. २. पत्र बुधीबाईंना वाचून दाखवलं आणि कसं वाटतं विचारलं. म्हणाल्या, चालेल. मग खरं खरं विचारलं, तर म्हणाल्या, “एवढा कशाला लिवला? ‘नाय’ लिवायचा फकस्त.”

ता. क. ३. आमच्या पाड्याचा ईकोवाला नविन त्याच्या गाडीतून पत्र आणून देईल. वरच्या कोपऱ्यात लाल दिसलं म्हणून शुभवर्तमान समजून देवापुढे ठेवू नकोस, ते कुंकू नव्हे. डहाणूहून आणलेल्या कागदावर हा शेवटचा गोळा उरला होता, तो योग्य जागी लावला आहे. आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून सांगते, आतोबांना दाखवेपर्यंत तरी तो काढून कपाळाला लावू नकोस.